व्याजाच्या रकान्यातलं शून्य

तुम्ही खरं तेच लिहिलंत आणि समोरच्या यंत्रानं लाल अक्षरांत सांगितलं की हे चूक आहे, तर तुम्ही काय करता? खरं सांगा. आजूबाजूला बघता, कोणी पाहिलं तर नाही ना याची खात्री करता, आणि यंत्राला आवडेल ते भरून मोकळे होता. बहुतेक सगळे तेच करतात. ज्या एकीनं केलं नाही, तिची ही गोष्ट.

नबीला मणेर. राहायला निघोज्यात, गवराबाईंच्या चाळीतल्या कोपऱ्यातल्या खोलीत. कामाला चाकणच्या एका कारखान्यात, तपासणीच्या टेबलावर. बारावी झालेली, पुढचं शिक्षण घरच्या अडचणींत राहिलं ते राहिलंच. उंची बेताची, आवाज मात्र सगळ्या शेडला पुरून उरणारा, आणि राग कायम नाकाच्या शेंड्यावर. लाइनवरची पोरं म्हणायची, "नबीलाताईला गुड मॉर्निंग म्हणतानासुद्धा पुरावा सोबत ठेवा राव."

तिचं काम म्हटलं तर सोपं. मशिनवरून लोखंडी बुश, म्हणजे आखूड जाड नळ्या, यायचे, त्यांचं भोक बरोबर आहे का ते गेजनं बघायचं. गेज म्हणजे बोटभर लांबीचा दोन तोंडांचा दांडू. एक तोंड भोकात सहज गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये. तसं झालं तर पास, नाही तर रिजेक्ट. मामला खलास.

एकदा दुपारच्या शिफ्टला बुशमागून बुश नापास व्हायला लागले. सुपरवायझर धावत आला. "टाक सगळे लाल क्रेटमध्ये. ज्योतीरामनं मशिनवर माती खाल्ली, मी वर कळवतो." ज्योतीराम लातूरकडचा, नुकताच लागलेला. त्याच्या तोंडचं पाणीच पळालं. नबीला मात्र जागची हलली नाही.

"सर, आधी गेज तपासा. मग पार्टवर बोला."

"तू मला शिकवणार?"

"कोणीतरी शिकवायलाच हवं ना."

भांडण व्हायचं ते झालं. पण गेज तपासायला गेलं, आणि निघालं काय, तर त्याच्या तोंडालाच मार बसून बारीक धार उठली होती. चांगल्या भोकातही ते शिरत नव्हतं. बुश सगळे उत्तम. त्या दिवसापासून 'आधी गेज तपासा' ही शेडमधली म्हणच झाली. डब्यातली भाजी खारट आहे म्हटलं तरी कोणीतरी ओरडायचं, "आधी गेज तपास भावा, जीभ दाखव!"

हे एवढं ध्यानात ठेवा. आता सादिकाखालाकडे येऊ.

सादिकाखाला म्हणजे नबीलाच्या आईची बहीण. चाकणच्या रस्त्याला गॅरेजांची ओळ आहे, तिच्या मागच्या गल्लीत राहते. त्या गल्लीतल्या बायकांची एक पेटी आहे. महिन्याला प्रत्येकीनं ठरलेले पैसे टाकायचे, नड असेल तिनं उचलायचे, आणि जेवढे उचलले तेवढेच हप्त्याहप्त्यानं परत ठेवायचे. व्याज नाही. घेणं त्यांच्या धर्मात बसत नाही आणि देणं त्यांच्या मनात बसत नाही. या पेटीनं कोणाचं बाळंतपण केलं, कोणाच्या नवऱ्याला हवा भरायचा काँप्रेसर घेऊन दिला, आणि आजवर कोणीही पेटीला बुडवलं नाही. बुडवून जाणार कुठं? पाणी भरायला नळ एकच.

त्या भागातल्या महिला गटांचा एक महासंघ आहे, ऑफिस आकुर्डीला. महासंघाला कारखान्यांचे ॲप्रन शिवायचं मोठं काम मिळालं, आणि ते फक्त सभासद गटांना वाटायचं ठरलं. पेटीतल्या निम्म्या बायका शिलाईत तरबेज. गॅरेजचा धंदा तेव्हा अगदीच थंडावलेला. सादिकाखालानं मशिनींना तेल घातलं, नव्या सुया आणल्या, बायकांची तोंडं उजळली. बाकी होतं फक्त सभासद होणं. त्यासाठी आपला गट कर्ज कसं देतो त्याचा एक नमुना महासंघाच्या टॅबवरच्या कर्ज-गणकात भरायचा आणि त्यानं काढलेला हप्त्यांचा तक्ता अर्जाला जोडायचा. महिनाअखेरच्या सभेत यादी पक्की होणार होती.

मोबाइलातलं कळतं म्हणून खालानं नबीलाला सोबत नेलं. रक्कम वीस हजार. महिने दहा. व्याजदर? नबीलानं शून्य दाबलं.

लाल अक्षरं उमटली. 'व्याजदर चुकीचा आहे. कृपया योग्य माहिती भरा.'

पुन्हा दाबलं. पुन्हा तेच.

महासंघाच्या सचिव सुप्रियाताई टेबलापलीकडे बसल्या होत्या. बाई वाईट नव्हे. पण एका हातात फोन, दुसऱ्या हातात शिक्का, आणि समोर रांग. मान वर न करता त्या म्हणाल्या, "शून्य नाही घेत ते. पॉइंट झिरो वन टाका. कोण बघतंय?"

खाला हसली. "वर अल्ला बघतो ना ताई. त्याला एक वेळ समजावता येईल. पण आमच्या गल्लीतल्या बेगमला कोण समजावणार? ती गावभर करील, सादिकानं पेटीला व्याज लावलं."

"अहो नावापुरतं! दहा महिन्यांत सगळं मिळून रुपयाही होत नाही."

"नाव तेवढंच तर आहे आमच्याकडं. पेटीत दुसरं आहे काय?"

इथवर नबीला गप्प होती. तिच्या हिशोबानं फारच वेळ गप्प होती. "रुपया होवो नाहीतर पैसा होवो, खोटं लिहायला सांगताय तुम्ही. चूक आमच्या शून्यात नाही, तुमच्या मशिनीत आहे."

रांगेतल्या बायका पुढं सरकून बघायला लागल्या. सुप्रियाताईंचा चेहरा उतरला, मग तापला. "मशिन सगळ्यांना सारखंच आहे. इतक्या गटांनी भरलं, कोणाचं अडलं नाही. तुम्हीच चुकीचं टाकताय."

शेवटी रांग पुढं जावी म्हणून त्यांनी गणक बनवणाऱ्या निरंजनला फोन लावून दिला. पुनावळ्यात राहणारा, कंपनीतली नोकरी सांभाळून महासंघाला फुकटात हे करून देणारा मुलगा. तोही उद्धट नव्हता. त्यानं समजावून सांगितलं.

"हप्ता काढायचं एक सूत्र असतं ताई. त्यात व्याज शून्य टाकलं की वर शून्य येतं आणि खालीही शून्य येतं. शून्याला शून्यानं भागणार कसं? प्रोग्रॅम अडकतो. म्हणून मी शून्याला दारातच अडवलंय. व्हॅलिडेशन म्हणतात त्याला."

"म्हणजे तुमचं सूत्र अडकतं म्हणून आमची पेटी खोटी?"

"खोटी नाही म्हणत. पण बिनव्याजी कर्ज देतं कोण आजकाल? तशी केसच नसते."

"केस तुमच्याशी फोनवर बोलतेय."

"पुढच्या व्हर्जनमध्ये बघू या."

"तुमचं पुढचं व्हर्जन येईपर्यंत ते ॲप्रन शिवून, घालून, फाटूनसुद्धा जातील."

परतीच्या बसमध्ये खाला हळूच म्हणाली, "बेटा, चूल माझ्या घरची आहे. टाकू का ते पॉइंट काहीतरी?"

"टाकलंत तर तुमच्या घरचा चहा मला बंद," नबीला म्हणाली. आणि खिडकीबाहेर बघत, काचेला सांगावं तसं म्हणाली, "त्या निरंजनला गणक बनवता येतं, तर मला का नाही येणार?"

आता हे बोलणं सोपं. प्रोग्रॅम म्हणजे काय हे तिला वर्तमानपत्राइतपत ठाऊक. पण जिद्दीला क्लास लागत नाही. कंपनीच्या बसमध्ये, चहाच्या सुट्टीत, रविवारच्या सुट्टीत ती फोनमध्ये डोकं घालून बसली. नवशिक्यांसाठी दिलेला एक साधा कर्जाचा हिशोब सापडला. तो तिनं अक्षर अक्षर उतरवला, मोडला, पुन्हा जुळवला. रकमेच्या जागी स्वतःचं नाव टाकून पाहिलं, तर त्यानं नबीलाचाही हप्ता काढायचा प्रयत्न केला आणि भलतंच काहीतरी ओकला. तेव्हा तिला कळलं की भरणारा काय भरेल याचा नेम नसतो, म्हणून आधी दारात बघावं लागतं. जागा रिकामी आहे? थांब. आकड्याच्या जागी अक्षर आहे? थांब. रक्कम उणे आहे, महिने शून्य आहेत? थांब.

"अरे, हे तर गेजच आहे!" ती बसमध्ये एवढ्या मोठ्यानं बोलली की पुढच्या सीटवर झोपलेला माणूस दचकून उठला, आपला स्टॉप आला समजून उतरायला निघाला.

आणि ते शून्य? त्याचं उत्तर हाताशी होतं. व्याज शून्य असेल तर त्या सूत्राच्या वाटेला जायचंच नाही. मुद्दलाला महिन्यांनी भागायचं, झालं. प्राथमिक शाळेतलं गणित. एका ओळीचं काम. एवढ्यासाठी माणसं पुढच्या व्हर्जनचा वायदा करतात, याचा तिला नव्यानं संताप आला. पण सोबत अभिमानही एवढा आला की पाय जमिनीवर ठरेनात. संध्याकाळी ती फोन घेऊन थेट मालकीणबाईंच्या ओट्यावर गेली.

गवराबाई निघोज्यातल्या जुन्या घरातल्या. शेतं कंपन्यांत गेली, राहिलेल्या तुकड्यावर त्यांनी खोल्या बांधल्या. गावातल्या बायकांचा त्यांचा बचत गट महासंघात पहिल्यापासून आहे. त्या मेथी निवडत बसल्या होत्या.

"आत्या, बघा मी काय बनवलंय! तुमच्या गटाचा कुठलाही हिशोब टाका."

गवराबाईंनी ओले हात पदराला पुसले आणि फोनवर मराठी आकड्यांत लिहिलं, ५०,०००. लाल अक्षरं आली. 'रक्कम चुकीची आहे.'

"तुम्ही चुकीचं टाकलंत आत्या. इंग्रजी आकडे टाका. आणि मधला स्वल्पविराम, ती शेपटी, काढा."

"का? पन्नास हजारच हायती न्हवं?"

"हो, पण त्याला कळत नाही."

"त्याला कळत न्हाई, आन चूक माजी?" गवराबाई पुटपुटल्या. नबीलानं घाईघाईनं रक्कम स्वतःच भरून दिली. महिने बारा. व्याजाच्या जागी गवराबाईंनी दोन टाकले. यंत्र विनातक्रार पुढं गेलं आणि हप्ता दाखवला, चार हजार दोनशे बारा.

गवराबाई एवढ्या हसल्या की मांडीवरची मेथी ओट्यावर सांडली. "अगं पोरी, नुसतं मुद्दलच म्हयन्याला चार हजाराच्या वर जातंय. वर पयल्या म्हयन्याचं व्याज हजार. तुज्या हप्त्यात व्याजाला पन्नास रुपयं बी उरत न्हाईत की! तुज्या मशिनीनं माजा गट बुडिवला."

"पण दोन टक्के तुम्हीच टाकलेत ना?"

"दोन रुपयं शेकडा. म्हयन्याला! आमच्या गावात व्याज म्हयन्यावरच बोलत्यात. वर्साचं कोण बोलतंय?"

"प्रोग्रॅममध्ये वर्षाचंच धरतात. तुम्हीच चुकीचं टाकताय!"

बोलून गेली आणि तिचं तिलाच ऐकू आलं. हेच शब्द. जसेच्या तसे. गवराबाईंचं हसू मावळलं.

"व्हय का? मी खरं टाकलं तरी चुकीची. मंग त्या आकुर्डीच्या बाईच्या नावानं एवढा शिमगा कशापायी केलास गं? ती बी हेच म्हणली न्हवं?" त्यांनी मेथी गोळा केली, आत गेल्या आणि दार लावून घेतलं. जोरात नाही. जोरात लावलं असतं तर बरं वाटलं असतं.

नबीला ओट्यावर बसून राहिली. राग आला होता, पण टाकायला जागा सापडेना. निरंजनवर टाकावा तर त्यानं निदान एकच माणूस अडवला होता. आणि हिचं गेज? चांगला बुश नापास करत होतं आणि वाकडा बुश बिनबोभाट पास करत होतं. शेडमध्ये छाती काढून सांगितलेली म्हण आता तिच्याच गळ्यात येऊन पडली होती.

माफी मागणं तिच्या स्वभावात नाही. तिनं प्रोग्रॅम उघडला. मराठी आकडे ओळखायला शिकवलं. आकड्यातली शेपटी गिळायला शिकवली. व्याजाच्या जागेपुढं प्रश्न घातला, महिन्याचं की वर्षाचं? आणि हिशोबाआधी भरलेलं सगळं परत बोलून दाखवायला लावलं. 'पन्नास हजार रुपये, महिन्याला शेकडा दोन, बारा महिने. असंच ना?' मग एकेक ओळ वाचत गेली आणि 'चुकीचं' हा शब्द दिसेल तिथून उपटून काढला. त्याच्या जागी लिहिलं, 'हे मला समजलं नाही. पुन्हा सांगता का?'

शिफ्ट सुटल्यावर तिनं फोन गवराबाईंच्या पुढं धरला. त्यांनी ५०,००० लिहिले, शेपटीसकट. दोन लिहिलं. यंत्रानं विचारलं. उत्तर दिलं. हप्ता आला. गवराबाईंनी बोटं मोजून ताळा केला आणि मान हलवली.

"हां. आत्ता कुटं माणसात आलं." मग फोन परत देता देता थबकल्या. "आमच्या गटाचं भरताना सुप्रिया म्हणली, दोन चुकीचं हाय, चोवीस टाका. मला वाटलं, आपुन अडाणी. गप बसले. माज्या गटाच्या बायांम्होरं गप बसले मी." त्या फोनकडे बघत राहिल्या. "म्हंजे अडाणी न्हवतेच की मी!"

"नव्हता आत्या."

"सभा कवा हाय?"

सभा आकुर्डीच्या हॉलमध्ये. नबीलानं आपल्या प्रोग्रॅममधून पेटीचा तक्ता काढून, छापून आणला होता. सुप्रियाताईंनी तो वाचलाही नाही. "बाहेरच्या मशिनीचा तक्ता कसा चालेल? नियम सगळ्यांना एक. आपल्या गणकातून भरा, नाहीतर पुढच्या वेळी बघू."

पुढच्या वेळी म्हणजे ॲप्रनचं काम वाटून झाल्यावर. सादिकाखालानं ओढणी सारखी केली आणि खाली बघितलं. तेल घातलेल्या मशिनी तिच्या डोळ्यांपुढं असणार. नबीला उठणार, तेवढ्यात मागून कोणीतरी तिला खांद्यावर दाबून खाली बसवलं.

"तू बस. तुजा आवाज लई वेळा ऐकलाय समद्यांनी."

गवराबाई चालत टेबलापाशी गेल्या. टॅब स्वतःकडे ओढला, व्याजाच्या जागी शून्य दाबलं. लाल अक्षरं उमटली. त्यांनी टॅब उचलून सभेला दाखवला. "हे बघा, मला बी चुकीची म्हणतंय. पयल्यांदा दोन टाकलं तवा सुप्रियानं चुकीची ठरिवली, आज शून्य टाकलं तर ह्ये म्हणतंय. आनखी कोनाकोनाला म्हणलंय? लाजू नका."

खिडकीजवळून एक हात वर आला. "मला. मराठी आकडे टाकले होते." दुसरा हात. "मला. आकड्यात ती शेपटी दिली म्हणून." एक म्हातारी म्हणाली, "मला तर काय झालं ते कळलंच नाही. मी घाबरून घरी गेले, मग सुनेला पाठवलं." बायका हसायला लागल्या; आणि त्या हसण्यात जो राग होता, तो एकट्या नबीलाच्या रागाहून कितीतरी मोठा होता.

"या मंग," गवराबाई म्हणाल्या. "येकेकीनं येऊन शून्य दाबा. बघू किती जणींना चुकीचं म्हणतंय."

आणि बायका उठल्या. रांग लागली. बोट, शून्य, लाल. बोट, शून्य, लाल. "मी बी चुकीची!" "मी पण!" कोणी टाळ्या पिटल्या. सुप्रियाताई आधी चिडल्या, मग घामाघूम झाल्या. "बरं, बरं! पेटीला विशेष बाब म्हणून घेऊ. अपवाद म्हणून शेरा मारते मी."

नबीलाच्या तोंडातून 'अपवाद नको' निघालंच होतं; तिनं ते गिळलं. काम खालाचं होतं, चूल खालाची होती. तिनं खालाकडे बघितलं.

सादिकाखाला उभी राहिली. आवाज नेहमीसारखाच मऊ. "ताई, मेहेरबानी. पण आम्ही अपवाद नाही. आम्ही फक्त व्याज घेत नाही. शून्य लिहायला जागा द्या, नाहीतर काम राहू द्या."

कोणीतरी शिट्टी मारली. हॉलमध्ये बायकाच होत्या, तरी मारली.

सुप्रियाताईंनी निरंजनला फोन लावला, स्पीकरवर. तो म्हणाला, करतो, पण वेळ लागेल, बघावं लागेल.

"एक ओळ आहे," आता मात्र नबीला उठली. "व्याज शून्य असेल तर मुद्दल भागिले महिने. मी सांगते, तुम्ही लिहा. आम्ही सगळ्या थांबलोय."

पलीकडे बटणांची टकटक ऐकू आली. बराच वेळ. मग निरंजनचा आवाज, जरासा ओशाळलेला, "टाकून बघा."

खालानं स्वतः टाकलं. वीस हजार, दहा महिने, शून्य. लाल काही उमटलं नाही. तक्ता आला. एकाखाली एक, दोन हजार, दोन हजार, दोन हजार.

"हे तर आमच्या पोरींना तोंडपाठ आहे," खाला म्हणाली. आणि टॅब मांडीवर घेऊन खाली बसली.

गॅरेजांच्या ओळीमागं आता ॲप्रन शिवले जातात. हवेच्या काँप्रेसरचा आणि शिलाई मशिनींचा आवाज एकमेकांत मिसळतो. महासंघाचं गणक शून्य घेतं. आकड्यातली शेपटी अजून घेत नाही. पण पुढच्या सभेला त्या शेपटीचं काय करायचं, ते गवराबाईंनी ठरवून ठेवलंय, आणि नबीलाला त्यांनी सक्त ताकीद दिली आहे की मधे तोंड घालायचं नाही.

आता तुमचं काय? उद्या तुमच्याही समोर लाल अक्षरं उमटतील. बँकेत उमटतील, शाळेच्या प्रवेशाला उमटतील, तुमच्या स्वतःच्या फोनवर उमटतील. एवढंच करा. खरं लिहिलेलं खोडू नका. तिथंच उभे राहा, मागच्या बाईला हाक मारा, आणि तिलाही तेच भरायला सांगा.